चौतिसाव्या मिनिटाला

श्वेतल, तू विचारलं, "आबाजी,
पाहण्यासारख्या डॉक्युमेंट्र्या सांगा ना,"
आणि वही उघडून बसली खाटेवर
जशी मी किराण्याची यादीच सांगणार आहे.

लिही.
मिठागरातल्या बायांची एक आहे, बावीस मिनिटांची.
तिच्यात कोणी बोलत नाही. पाय दिसतात फक्त,
भेगाळलेले, पांढरे,
आणि शेवटी एक बाई कॅमेऱ्याकडे पाहते
अशी, की आपणच खुर्ची सरकवून उठावं.
प्रसिद्धी खात्याच्या जीपमधून रीळ नेऊन
मी ती काटोलला दाखवली, मौद्याला, पारशिवनीला,
चाळीसदा तरी.
चाळीसही वेळा माझीच नजर आधी खाली गेली.

दुसरी लिहू नको, नुसती ऐक.
हातमागावरची होती. पाचपावलीत लावली,
दोन बांबूंना पडदा बांधून.
निवेदक म्हणाला, त्या भारदस्त आवाजात,
"विणकराच्या चेहऱ्यावर समाधानाचे हास्य आहे."
समोर सगळे कोष्टी बसलेले.
थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.
मग मागून आत्माराम धकाते ओरडला,
"अबे, धागा तुटला त्याचा! दात खाऊन राहिला तो!"
हसण्यानं पडदा हलला असं सांगतात, ते खोटं.
पडदा वाऱ्यानं हलला.
पण हसले लोक, डोळ्याला पदर लावेस्तोवर.
तेव्हापासून निवेदक सुरू झाला
की मी त्याला बोलू देतो आणि हात पाहतो.
एवढं मात्र लिही: हात पाहणे.

नंबर टाकू नको, मला लक्षात राहत नाहीत.
रात्रपाळीच्या फाटकवाल्याची एक आहे.
लांब आहे. काही होत नाही.
गाडी येते, फाटक पडतं, गाडी जाते,
तो कंदिलाची काच पुसतो.
ती मे महिन्यात पाहू नको.
कूलरच्या घरघरीत तिच्यातलं गप्प बसणं ऐकू येत नाही.
डिसेंबरात पाहा, खिडकी लावून, पायावर दुलई घेऊन.
झोप लागली तर लागू दे, त्यालाही लागते.

कोळसा खाणीच्या त्या फिल्मला बक्षिसं मिळाली.
मला नाही आवडली. तरी पाहा.
एक कामगार विचारतो, "साहेब, तुम्ही परत येसान का?"
आणि तिथंच कात्री लागली आहे.
उत्तर कापलेलं नीट दिसतं,
शर्टाला ठिगळ दिसतं तसं.

आणि आता ही.
आपल्या नाग नदीवरची. विद्यापीठातला पोरगा होता,
निषाद की नीरज, उंच, चष्म्याला दोरी बांधलेला.
सुमार आहे, खरं सांगतो.
कधी नदीला आई म्हणते, कधी नाला म्हणते,
मग आकडे, मग ड्रोन.
पायी जायचा कंटाळा आला की ड्रोन उडवतात हे लोक.
पण चौतिसाव्या मिनिटाला
जगनाडे चौकाकडच्या पुलाचा कठडा दिसतो,
रिकामा, त्याच्यावर सत्तेचाळीसचं ऊन,
आणि चौकटीच्या बाहेरून एक बाई म्हणते,
"काऊन बाप्पा उन्हात उभा? पाणी पिऊन जा."

कॅमेरा वळत नाही.
कठडाच दिसत राहतो.
तांब्या ग्लासाला लागल्याचा आवाज येतो.

शेवटच्या नामावलीत सिंधूचं नाव नाही.
तीनदा थांबवून पाहिलं मी,
चहावाल्याचंही आहे, तिचं नाही.
घरात फोटो आहेत तिचे, चार,
चारहीत ओठ मिटलेले. पुढचा दात पडला होता ना.

पाहशील तेव्हा कूलर बंद कर,
घाम आला तर येऊ दे दोन मिनिटं.
आणि वहीत चौतीस अक्षरात लिही,
आकड्यावर माझा भरवसा नाही.

त्यानं पाणी प्यायलं का, ते फिल्ममध्ये कळत नाही.
पोरगा नंतर पेढे घेऊन आला होता घरी.
तेवढंच विचारायचं राहून गेलं.